अँटकॉन्क: फुकट आहे, प्रामाणिक आहे, पण मराठीसाठी आधी एक खूण करावी लागते

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएच.डी.ची मुलं माझ्याकडे दोन कामांसाठी येतात. (मुलं म्हणायची पद्धत, त्यातले काही नोकरी सांभाळून नोंदणी केलेले आणि माझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत.) पहिलं काम वाङ्मयचौर्याचा अहवाल काढण्याचं. दुसरं म्हणजे, "मॅडम, एवढं सगळं वाचायचं कसं?" या प्रश्नाचं. कुणाकडे वीस वर्षांचे अग्रलेख असतात, कुणाकडे मुलाखतींची लिखित रूपं, कुणाकडे कंपन्यांचे वार्षिक अहवाल. विषय मराठी, समाजशास्त्र, वाणिज्य, इतिहास, काहीही असो, अडचण एकच: मजकूर माणसाच्या आवाक्याबाहेरचा. अशा वेळी मी त्यांच्या पेन ड्राइव्हवर अँटकॉन्क टाकून देते, म्हणजे मोठ्या मजकुरात शब्द शोधणारं आणि मोजणारं सॉफ्टवेअर. हा अभिप्राय त्या सॉफ्टवेअरबद्दल, आणि मुख्यतः मराठी मजकुरावर ते कसं चालतं याबद्दल.

टोकियोच्या वासेडा विद्यापीठातले प्राध्यापक लॉरेन्स अँथनी २००२ पासून हे सॉफ्टवेअर करत आले आहेत. पैसे नाहीत, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. इन्स्टॉल न करता नुसतं फोल्डर उघडून चालवता येईल अशी पोर्टेबल आवृत्तीही आहे, आणि आमच्यासारख्या ठिकाणी तीच कामाची. कारण लॅबमधल्या संगणकांचा ॲडमिन पासवर्ड नक्की कुणाकडे आहे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरेल. इंटरनेट लागत नाही. हा गुण वरवर किरकोळ वाटतो, पण त्यावर पुढे येते.

आधी ती खूण.

संगणकाला शब्द म्हणजे काय ते सांगावं लागतं. अँटकॉन्कच्या चौथ्या आवृत्तीत 'कॉर्पस मॅनेजर' उघडला (कॉर्पस म्हणजे अभ्यासासाठी जमवलेला मजकुराचा संग्रह) की 'टोकन डेफिनिशन', म्हणजे शब्दाची व्याख्या, असा भाग दिसतो. तिथं मुळात फक्त 'लेटर्स' धरलेली असतात, म्हणजे अक्षरं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण मात्र युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नव्हेत, 'मार्क्स' आहेत. त्यामुळे 'मार्क्स'वर खूण न करता मराठी फाइल दिली तर प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. 'ज्ञानेश्वर'चे पाच होतात, आणि शेवटचा तुकडा 'वर' असतो; महाबळेश्वरातूनही तोच निघतो. मग शब्दांच्या यादीत 'वर' हा शब्द भलताच लोकप्रिय झालेला दिसतो. सगळ्यात भारी गंमत 'पाऊस'ची. त्याचे 'प' आणि 'ऊस' होतात. ऊसदराच्या आंदोलनांवरचे अग्रलेख घेऊन बसलेल्या एका मुलाला मी मुद्दाम खूण न करता यादी काढून दाखवली. म्हणाला, "मॅडम, ह्यात पाऊस कुठं गेला?" म्हटलं, पाऊस सगळा उसात गेला. आमच्या जिल्ह्यात ते तसं खरंही आहे.

'मार्क्स'वर खूण करून कॉर्पस पुन्हा बांधला की हा प्रकार थांबतो. पुन्हा बांधावाच लागतो, कारण शब्द तोडायचं काम त्याच वेळी होतं. नंतर सेटिंग बदलून जुन्या कॉर्पसवर काही फरक पडत नाही.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धचंद्रासारखा र घ्या. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, पाय मोडायची खूण आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ते न दिसणारं चिन्ह ना लेटरमध्ये बसतं ना मार्कमध्ये, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीनं टंकलेला शब्द मधोमध तुटतो आणि त्यातून 'यांना' बाहेर पडतो. आता मराठी वर्तमानपत्रात 'यांना' आणि 'यांनी' किती असतात ते सांगायला नको. प्रत्येक नेत्याच्या नावामागे असतातच. तिकडे शेतकरी कमी मोजले जातात आणि आदरार्थी सर्वनामं वाढतात. उपाय सोपा आहे: कॉर्पस बांधण्याआधी नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकात सगळीकडे एकच पद्धत करून घ्यायची. पण हे माहीत असावं लागतं, आणि अँटकॉन्क ते सांगत नाही. त्याच्या बाजूनं बोलायचं तर, कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही.

श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फाँटमधल्या डीटीपी फाइली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. नवी आवृत्ती वर्ड आणि पीडीएफ थेट घेते हे खरं, पण जुन्या फाँटमधल्या पीडीएफमधून जे बाहेर येतं ते वाचण्यालायक नसतं. स्कॅन केलेली पानं असतील तर ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या. टेसरॅक्ट या ओसीआरच्या प्रोग्रॅमला मराठी येतं, आणि जुना छापील मजकूर असेल तर निकाल माणसानं तपासावाच लागतो. या सगळ्या साफसफाईत जेवढा वेळ जातो त्याच्या मानानं प्रत्यक्ष विश्लेषण फार लवकर होतं. मार्गदर्शकांना हे पटवणं सगळ्यात अवघड.

आता ज्यासाठी हे सॉफ्टवेअर घ्यायचं ती गोष्ट. पहिल्याच टॅबवर केडब्ल्यूआयसी असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'की वर्ड इन कॉन्टेक्स्ट', संदर्भासकट शब्द. शोधलेला शब्द मधल्या रकान्यात, डावीकडे त्याच्या आधीचे शब्द, उजवीकडे नंतरचे, आणि अशा ओळींवर ओळी. ही मांडणी आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर आणली, आणि अजूनही तिच्यावर मात करणारं काही मला दिसलेलं नाही.

समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेऊन आली होती. बीडकडून हंगामाला येणाऱ्या टोळ्या, त्यातल्या बायका, पुरुष, काही मुकादम. तिनं शब्दांची यादी काढली तेव्हा 'उचल', म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, हा शब्द बराच वर होता, आणि तिला वाटलं कर्जाचा मुद्दा सिद्ध झाला. मी म्हटलं, त्या शब्दावर क्लिक कर. ओळी आल्या. काही ओळींत 'उचल' म्हणजे नुसतं आज्ञार्थी क्रियापद, 'मोळी उचल' मधलं. त्या बाजूला काढल्या. उरलेल्या ओळी डावीकडच्या शब्दानुसार लावल्या, आणि मग जे दिसलं ते यादीत दिसणं शक्यच नव्हतं: पुरुष म्हणत होते 'मी उचल घेतली', 'आम्ही उचल घेतली', बायका म्हणत होत्या 'ह्यांनी उचल घेतली'. पण फेडण्याची गोष्ट आली की बायकांच्या ओळींत 'आमची उचल फिटंना' असं होतं. 'कोयता' शब्दाचंही तसंच. तिथं कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि एकटा माणूस अर्धा कोयता. त्याआधी 'एक' आहे की 'अर्धा', हे ओळ बघितल्याशिवाय कळत नाही. त्या मुलीच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या दुपारी उभं राहिलं असं मी म्हणेन. ते सॉफ्टवेअरनं लिहिलं नाही. त्यानं फक्त सगळ्या ओळी एकाखाली एक आणून ठेवल्या.

इथंच एक सूचना. चौथ्या आवृत्तीत ओळी आपोआप अशा लागतात की ज्या शब्दरचना वारंवार येतात त्या वर. जुन्या आवृत्तीची सवय असलेल्यांना हे गोंधळात टाकतं. मला मात्र आवडतं. ठरावीक वाक्प्रयोग लगेच वर येतात.

आणि याच मुलाखतींमुळे इंटरनेट न लागण्याचं महत्त्व कळतं. त्या बायकांनी मुकादमाबद्दल काय सांगितलं ते कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर चढवणं मला पटत नाही. व्हॉयंट टूल्स हे दुसरं प्रसिद्ध साधन, कॅनडातल्या स्टीफन सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल यांनी केलेलं. ब्राउझरमध्ये उघडायचं, मजकूर चिकटवायचा, आणि पाच चौकटींत शब्दांचा ढग, आलेख, ओळी असं सगळं एकदम समोर येतं. वर्गात दाखवायला अँटकॉन्कपेक्षा सरस, यात वाद नाही. एम.ए.च्या मुलांना मी तेच दाखवते, छापून आलेल्या मजकुरावर. खाजगी मुलाखती असतील तर एकतर त्याची स्वतःच्या संगणकावर चालणारी आवृत्ती उतरवा, नाहीतर अँटकॉन्क वापरा.

मराठीच्या प्रत्ययांपुढे मात्र अँटकॉन्क हात टेकतं. 'घर', 'घरात', 'घरातून', 'घराला', 'घरापासून' हे त्याच्या दृष्टीनं पाच वेगळे शब्द. 'घर' पुढे तारा (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) टाकून शोधलं तर सगळे सापडतात, पण सोबत 'घरटे', 'घराणे' आणि 'घरंदाज'ही येतात. बरं, हे सोपं उदाहरण झालं. 'पाणी' पुढे तारा टाकली तर 'पाण्यात' सापडतच नाही. आणि आमचा ऊस तर आणखी खट्याळ: 'उसाचा', 'उसाला' करताना त्याचा ऊ ऱ्हस्व होतो. म्हणून 'ऊस' शोधून अर्धा ऊस निसटतो, आणि 'उस' पुढे तारा टाकली की उसळ, उसनवारी, उसंत सगळे हजर. यावर इलाज एकच, 'ॲडव्हान्स्ड सर्च'मध्ये त्या शब्दाची सगळी रूपं एकाखाली एक स्वतः लिहून द्यायची. एकदा नीट यादी केली की ती जपून ठेवा, दुसऱ्याला द्या. आमच्याकडे अशा याद्यांची एक फाइल आता तयार होत आली आहे आणि तिला मी ग्रंथालयाचा दस्तऐवज मानते.

वाणिज्य विभागातले एक सर सुरुवातीला या सगळ्याला हसायचे. त्यांना मी शब्द मोजण्याची गोष्ट त्यांच्याच विषयातून सांगितली. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचा सूर मोजायला लोक हार्वर्डच्या एका जुन्या, मानसशास्त्रासाठी केलेल्या शब्दसूचीचा आधार घेत. लॉक्रन आणि मॅकडोनल्ड या दोघांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की त्या सूचीनं नकारार्थी ठरवलेल्या शब्दांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश शब्द आर्थिक मजकुरात नकारार्थी नसतातच. कर, खर्च, भांडवल, संचालक मंडळ हे शब्द कंपनीच्या अहवालात येणारच, त्यात वाईट काय? सर लगेच मराठी सहकारी साखर कारखान्यांचे अहवाल घेऊन आले आणि 'कर' शोधून बसले. आता मराठीत 'कर' म्हणजे टॅक्स, 'कर' म्हणजे हात, आणि 'कर' म्हणजे 'काम कर' मधलं कर. अहवालात हात आणि आज्ञा फार नव्हत्या, सुदैवानं. पण त्यांनी स्वतः ओळी वाचून प्रत्येक 'कर' तपासला, आणि त्यानंतर ते हसायचे थांबले.

शब्दांच्या यादीतून 'आणि', 'आहे', 'होते', 'की', 'या' असले शब्द काढून टाकायची फॅशन आहे. तशी यादी अँटकॉन्कला देता येते. देऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नको. अमेरिकन राज्यघटनेच्या बाजूनं टोपणनावानं लिहिलेल्या लेखांपैकी बारा नक्की कुणाचे, हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर दीडशेहून अधिक वर्षं वाद होता. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तो सोडवला तो मोठमोठ्या शब्दांवरून नव्हे, अशाच किरकोळ शब्दांवरून. हॅमिल्टन एक विशिष्ट शब्दयोगी सढळ हातानं वापरी, मॅडिसन जवळजवळ वापरत नसे, आणि वादातले लेख मॅडिसनच्या बाजूनं झुकले. आपल्याकडे 'आणि', 'व', 'नि', 'अन्', 'तसेच' एवढे पर्याय एकाच कामासाठी आहेत. कोण कुठला वापरतो ते बघा. एका वर्तमानपत्राचे निनावी अग्रलेख किती हातांनी लिहिले आहेत याचा अंदाज बांधणारा एक मुलगा सध्या आमच्याकडे याच वाटेनं चालला आहे. तो सगळ्यात आधी 'व' मोजतो.

'कीवर्ड' या टॅबबद्दल थोडं सावध करते. तुमच्या मजकुराची दुसऱ्या एखाद्या मोठ्या संग्रहाशी तुलना करून कुठले शब्द तुमच्याकडे प्रमाणाबाहेर येतात ते तो सांगतो. गणित चोख आहे. पण १९३०चे लेख आणि १९८०चे लेख समोरासमोर ठेवले तर यादीच्या डोक्यावर विचार नव्हे, अनुस्वार येतात. 'नाहीं', 'कांहीं', 'करितां'. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले आणि संगणकाला वाटतं समाजच बदलला. इतिहासाच्या एका विद्यार्थ्यानं अशी यादी चर्चासत्रात लावली होती. तिथं एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं की यातला कुठला शब्द शुद्धलेखनाचा नाही. तेव्हा तुलना करण्याआधी दोन्हीकडचं लेखन एका नियमात आणा, किंवा एकाच काळातले संग्रह घ्या. मराठीचा तुलनेसाठी संग्रह हवा असेल तर लँकेस्टर विद्यापीठ आणि म्हैसूरची भारतीय भाषा संस्था यांच्या एमिल संग्रहात मराठी आहे, आणि पुण्याच्या एलथ्रीक्यूबनंही मोठा मराठी संग्रह खुला केला आहे. दुसऱ्यात बातम्यांचा भरणा फार, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या गावाचं नाव या क्षेत्रात जगभर माहीत आहे, आणि ते तांबड्या-पांढऱ्या रश्शामुळे नव्हे. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये 'कोल्हापूर कॉर्पस' पूर्ण झाला. भारतात १९७८ साली छापलेल्या इंग्रजीतले ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठानं त्यांच्या १९६१च्या इंग्रजीचा जसा संग्रह केला होता तसाच, मुद्दाम त्याच साच्यात, म्हणजे दोन्हींची तुलना व्हावी. त्या काळात, त्या संगणकांवर. परदेशातल्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कोल्हापूर म्हटलं की हा संग्रह येतो, आणि इथल्या एम.ए.च्या वर्गात विचारलं तर कुणी हात वर करत नाही. मला याचा राग येतो. असाच साचा धरून मराठीचा संग्रह या गावातून का होऊ नये, हा प्रश्न मी जिथं संधी मिळेल तिथं विचारते आणि लोक चहा मागवतात.

बाकीचे टॅब चटकन सांगते. 'प्लॉट'मध्ये शब्द फाइलीत कुठं कुठं येतो त्या उभ्या रेघा दिसतात. कादंबरीवर काम करणाऱ्यांना उपयोगी. 'कोलोकेट' आजूबाजूला राहणारे शब्द देतो, डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच धरून. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं म्हणून मी उजवीकडचा पल्ला वाढवते. 'एन-ग्राम' ठरावीक शब्दगट काढतो, शासकीय परिपत्रकांवर लावून बघा, करमणूक होते. 'वर्डक्लाउड' आहे. मार्गदर्शकांना तो फार आवडतो, प्रबंधाच्या सादरीकरणात पहिल्या स्लाइडवर असतो. त्यातून काहीही कळत नाही.

पाचापैकी चार गुण. एक गुण कापला तो मदतपुस्तिकेसाठी. ती इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिली आहे, आणि ज्या लिप्यांत अक्षर आणि चिन्ह वेगळी मोजली जातात त्यांच्या लोकांनी आपलं आपण बघून घ्यायचं अशी तिची वृत्ती. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नाही, नुसतं मोफत आहे, हेही काहींना खटकेल. मला खटकत नाही. दोन दशकांहून जास्त काळ एक माणूस ते नेटानं सुधारत आला आहे, ही माझ्या लेखी पुरेशी हमी.

ज्यांना एका बटणावर निष्कर्ष हवा आहे त्यांनी वाट्याला जाऊ नये. ज्यांच्याकडे शंभर पानांचा मजकूर आहे त्यांनीही नको, सरळ वाचून काढा. बाकीच्यांनी उतरवून घ्या, 'मार्क्स'वर खूण करा, आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात तीन गोष्टी न विसरता लिहा: आवृत्तीचा क्रमांक, टोकन डेफिनिशनमध्ये काय धरलं होतं, आणि कॉर्पस बांधण्याआधी मजकुरात काय काय बदललं. शोधलेल्या शब्दांच्या रूपांची यादी परिशिष्टात जोडा. मार्गदर्शक म्हणतील पानं वाढतात कशाला. तरी जोडा, तुमच्यानंतर तोच विषय घेणारा माझ्याकडेच येणार आहे.